सरकारी कार्ड की खाजगी पॉलिसी? आधी दवाखाना ठरवा

एका रविवारी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी टेबल लागलं. दोन लॅपटॉप, बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि मागे फ्लेक्स: 'आयुष्मान वय वंदना कार्ड, वय ७० आणि पुढे, ५ लाखांपर्यंत मोफत उपचार'. नऊची वेळ दिली होती, साडेसातलाच रांग. हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशवीत आधार, रेशनकार्ड आणि गरज नसताना आणलेलं लाइटबिल.

सी विंगमधले काका कार्डाची प्रिंट हलवत म्हणाले, "चला, आता पॉलिसी बंद. वर्षाचे साठ हजार वाचले." मागच्या काकू फणकारल्या, "कार्ड घेऊन जा तर खरे मोठ्या हॉस्पिटलात, रिसेप्शनवरूनच परत पाठवतील." दोघांचंही निम्मं बरोबर होतं, आणि उरलेल्या निम्म्यात दोघंही फसण्याची शक्यता होती.

मी ७६ वर्षांच्या आईला घेऊन उभा होतो. यंत्र तिचं बोट ओळखेना. पन्नास वर्षं भांडी घासून, कणीक मळून ठसे गुळगुळीत झालेले. ओटीपी मागवावा तर आधारला जोडलेला नंबर बाबांचा, आणि तो फोन बाबा गेल्यावर आम्हीच बंद केलेला. शेवटी टेबलावरच्या मुलाने मोबाइलवर तिचा चेहरा स्कॅन केला, आणि कार्ड निघालं. त्या अर्ध्या तासात रांगेतल्या निदान सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला: सरकारी बरं की खाजगी?

माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरला जातो. रात्री दोनला छातीत दुखलं तर रिक्षा कुठल्या हॉस्पिटलकडे वळवणार, हे आधी ठरवायचं. तिथे काय चालतं, यावर कार्ड आणि पॉलिसीचा हिशोब बसतो. पण त्याआधी दोन्ही गोष्टी आतून कशा चालतात ते पाहू.

विमा म्हणजे सोसायटीचा सिंकिंग फंड

चाळीस फ्लॅटवाले दर महिन्याला थोडे पैसे फंडात टाकतात. एखाद्या वर्षी टाकीचा स्लॅब जातो, तो खर्च त्या फंडातून होतो. इमारत जुनी झाली की दुरुस्त्या वाढतात, मग वर्गणीही वाढते. वय वाढलं की प्रीमियम का वाढतो, याचं उत्तर एवढंच आहे.

आता समजा एकाने आधीच गळणारा फ्लॅट विकत घेतला आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "माझं छत फंडातून करून द्या." बाकीचे म्हणणार, जरा थांबा, आधी काही वर्षं वर्गणी भरा. खाजगी पॉलिसीत याला वेटिंग पिरियड म्हणतात. पॉलिसी घेण्याआधीच असलेली शुगर, बीपी, हृदयाचं दुखणं यांच्या खर्चासाठी थांबायचा काळ तो. पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असायचा. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२४ मध्ये तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला.

सरकारी योजनेत वर्गणी तुम्ही थेट भरत नाही, ती करातून जाते. त्यामुळे गळती कधीपासून आहे, हे कुणी विचारत नाही. कार्ड निघालं त्या दिवसापासून जुनी दुखणी धरली जातात. म्हातारपणी हा फरक फार मोठा आहे, कारण सत्तरीपर्यंत बहुतेकांना एखादं जुनं दुखणं असतंच. तेच पुन्हा डोकं वर काढतं.

सरकारी दारं एकापेक्षा जास्त आहेत

महाराष्ट्रात ही गोष्ट नवी नाही. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मुंबई शहर आणि मुंबई उपनगर दोन्ही होते. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ मध्ये आली, आणि २०२० पासून दोन्ही योजना राज्यात जोडीने चालू लागल्या. पुढे राज्याने उत्पन्नाची अट काढून योजना सर्वांसाठी खुली केली आणि जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण दिलं. म्हणजे पांढरं रेशनकार्डवालेही आत आले. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना हे अजून माहीत नाही. त्यांच्या डोक्यात 'योजना म्हणजे पिवळं-केशरी कार्ड' हेच पक्कं बसलंय.

त्यानंतर २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांसाठी वय वंदना कार्ड सुरू केलं. पेन्शन किती, फ्लॅट केवढ्याचा, मुलगा अमेरिकेत आहे का, काही विचारत नाहीत. आधार लागतं आणि आधारवरचं वय ७० पूर्ण लागतं. कुटुंब आधीपासून आयुष्मानमध्ये असेल तर घरातल्या ज्येष्ठांचे ५ लाख वेगळे, त्यात मुलासुनेचा वाटा नाही. मात्र आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. हे बारीक अक्षरातलं वाक्य बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

आधारवरच्या वयाचंही तसंच. आमच्या मजल्यावरच्या आजी ७३ च्या, पण आधारवर ६८. कधीतरी कॅम्पमध्ये कुणीतरी अंदाजे साल टाकलं होतं. जन्मतारखेचा पुरावा शोधून ते दुरुस्त करायला वेळ लागतो, आणि तो वेळ दुखणं येण्याआधीच काढावा लागतो.

नोकरीतून मिळालेली दारं वेगळी. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस, माजी सैनिकांना ईसीएचएस ही आरोग्य योजना. यांना वय वंदना हवं असेल तर दोनपैकी एकच निवडावं लागतं. माझा सल्ला विचाराल तर सीजीएचएस सोडण्याआधी दहा वेळा विचार करा, कारण तिथे रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांची तपासणीही मिळते. वय वंदनात ती नाही.

आणखी एक दार मुंबईतल्या जुन्या कारखान्यांतल्या कामगारांचं. ईएसआयसीमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, निदान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्या माणसाला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. बरोबर वाचलंत, एकशे वीस. आणि ईएसआयसी असलेल्यांना किंवा खाजगी पॉलिसी असलेल्यांना वय वंदना कार्ड घ्यायला कसलीही आडकाठी नाही.

"म्हणजे शेवटी केईएमच्या रांगेतच ना?"

हा सगळ्यात पहिला आक्षेप, आणि त्यात दोन गोष्टी एकत्र मिसळल्यात.

पहिली: कार्ड फक्त सरकारी दवाखान्यात चालतं हा समज. तसं नाही. योजनेच्या यादीत खाजगी आणि धर्मादाय रुग्णालयंही असतात. यादीत असलेल्या रुग्णालयाला अंगीकृत रुग्णालय म्हणतात. पण इथे खरी मेख आहे. मुंबईतली नावाजलेली, काचेच्या इमारतींची रुग्णालयं यादीत असतीलच असं धरू नका. शिवाय रुग्णालय यादीत असलं तरी ते सगळ्या आजारांसाठी असेल असं नाही. अंगीकरण विभागवार होतं. एखाद्या ठिकाणी हृदयाचा विभाग कार्डावर चालतो, हाडांचा नाही. फास्ट लोकलसारखं आहे: गाडी आपल्या स्टेशनातून जाते खरी, पण ती आपल्याकडे थांबते का, हे इंडिकेटरवर बघूनच चढायचं. ठाण्याला थांबते म्हणून मुलुंडला थांबेलच असं नाही.

दुसरी गोष्ट रांगेची. रांग आहे, नाकारून चालणार नाही. ओपीडीचा केसपेपर काढायला सकाळी किती वाजता जावं लागतं, हे परळला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. पण १९२६ पासून चालत आलेलं केईएम, नायर, सायन, जेजे ही दुय्यम रुग्णालयं नव्हेत. खाजगीत हात टेकलेले कित्येक रुग्ण शेवटी तिथेच येतात, आणि कर्करोग म्हटला की पैसेवालाही टाटाचा रस्ता धरतो. या रुग्णालयांत मुळात उपचार स्वस्त असले तरी स्टेंट, सांधा, महागडं इंजेक्शन 'बाहेरून आणा' म्हणून चिठ्ठी हातात पडू शकते. तिथे योजनेचं कार्ड खरं कामाला येतं.

राइस प्लेट आणि मेनूकार्ड

सरकारी योजना उडुप्याच्या राइस प्लेटसारखी चालते. दोन भाज्या, आमटी, भात, पापड, दर ठरलेला. योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर ठरलेला असतो, त्याला पॅकेज म्हणतात. अँजिओप्लास्टीचं एक, गुडघा बदलण्याचं एक. रुग्णालयाला तेवढेच पैसे सरकारकडून मिळतात. त्यात भरतीआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, तेवढ्या काळातल्या तपासण्या आणि औषधं धरलेली असतात. रुग्णाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. मात्र स्वतंत्र खोली, अमुकच डॉक्टर, परदेशी बनावटीचाच सांधा, हे राइस प्लेटमध्ये मागता येत नाही.

मोठी रुग्णालयं योजनेपासून लांब राहतात ती याच कारणाने. त्यांच्या मते प्लेटचा दर परवडत नाही. सरकारकडून पैसे उशिरा येतात ही दुसरी तक्रार. यात कोण किती खरं, हा वेगळ्या लेखाचा विषय. तुमच्या-आमच्यापुरता अर्थ एवढाच की योजनेत दर ठरलेला, म्हणून निवडही ठरलेली.

खाजगी पॉलिसी म्हणजे मेनूकार्ड. हवं ते मागवा, कंपनी बिल भरेल, पण पॉलिसीत लिहिलेल्या मर्यादेपर्यंत. आणि गोंधळ होतो तो या 'पण'मध्ये.

पाच लाखांची पॉलिसी, तरी बहात्तर हजार खिशातून

हे माझ्या मामांच्या बाबतीत घडलं. आकडे मी सोपे करून सांगतो.

पॉलिसी ५ लाखांची. खोलीच्या भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार. भरतीच्या वेळी डेस्कवर सांगितलं, "शेअरिंग रूम नाहीये, ८ हजारांची सिंगल देऊ का?" मामी म्हणाली, द्या. तिला वाटलं, वरचे तीन हजार रोजचे आपण भरू, चार दिवसांचे बारा हजार, काही हरकत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी कळलं की फक्त भाड्याचा फरक भरायचा नव्हता. तुम्ही मर्यादेच्या वरची खोली घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंही त्याच प्रमाणात कापतात. ८ हजारांतले ५ हजार मंजूर, म्हणजे आठ आण्यांतले पाच आणे. डॉक्टर-थिएटर वगैरेंचं बिल १ लाख ६० हजार झालं होतं, त्यातले १ लाख कंपनीने दिले. ६० हजार मामांचे. अधिक भाड्याचे १२ हजार. एकूण ७२ हजार, आणि हातमोजे-मास्क-डायपरची बारीकसारीक यादी वेगळीच. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तूंवर अशी कपात करायची नाही असा नियम आहे, म्हणून तेवढं तरी वाचलं.

मामी अजून म्हणते, "मला कुणी सांगितलं असतं तर मी जनरल वॉर्डात बसले असते की."

ज्येष्ठांच्या पॉलिसीत आणखी दोन गोष्टी बऱ्याचदा असतात. एक को-पे: प्रत्येक बिलाचा ठरावीक हिस्सा, बऱ्याच ठिकाणी वीस टक्के, तुमचा. तीन लाखांच्या बिलात साठ हजार तुम्ही काढायचे. दुसरी उपमर्यादा: मोतीबिंदूला अमुक, गुडघ्याला तमुक, त्याच्या वर एक रुपया नाही. एजंट ५ लाख, १० लाख हा आकडा मोठ्याने सांगतो. तुम्ही त्याला तीनच गोष्टी विचारा: रूम रेंटची मर्यादा किती, को-पे किती, आणि आईच्या मोतीबिंदूला नेमके किती मिळणार. उत्तर तोंडी नको, पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

"तीस वर्षं हप्ते भरतोय, आता झेपत नाही"

सी विंगच्या काकांचा प्रश्न हाच होता. त्यांना मी म्हटलं, काका, एवढ्यात बंद करू नका.

कारण असं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की, उघड फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, 'तुम्ही आधी अमुक आजार सांगितला नव्हता' म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. आधी हा काळ आठ वर्षांचा होता. जुन्या पॉलिसीचे वेटिंग पिरियडही कधीच सरलेले असतात. ही कमाई एका वर्षी हप्ता चुकवला की मातीमोल होते आणि पुन्हा सुरुवातीपासून थांबावं लागतं. काकांच्या दोन हृदयझडपांची कहाणी सोसायटीत सगळ्यांना पाठ आहे. त्यांना ७४ व्या वर्षी नवी पॉलिसी कोण देणार?

हप्ता हलका करायचे मार्ग आहेत. विमा रक्कम कमी करता येते. को-पे स्वीकारून हप्ता उतरवता येतो. आईवडील मुलाच्या कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीत असतील तर त्यांना वेगळं काढा, कारण एकत्र पॉलिसीत हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो. कंपनी पसंत नसेल तर पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेता येते, त्याला पोर्ट करणं म्हणतात, आणि आधी सोसलेला वेटिंग पिरियड बरोबर येतो. नूतनीकरणाच्या तारखेआधी निदान दीड महिना हात घाला. शेवटच्या आठवड्यात काही होत नाही.

आणखी एक सोय म्हणजे सुपर टॉप-अप. गिरगावातल्या काही जुन्या इमारतींत लिफ्ट तळमजल्यापासून नसते. आधी काही पायऱ्या चढायच्या, मग लिफ्ट. सुपर टॉप-अप तसंच: वर्षातले पहिले समजा ५ लाख तुमचे तुम्ही बघा, त्याच्या वरचं कंपनी देईल. खालच्या पायऱ्या तुम्ही चढताय म्हणून हप्ता कमी. त्या पायऱ्या जुन्या पॉलिसीने चढता येतात, साठवलेल्या पैशांनीही. सरकारी कार्डाने त्या चढता येतील असं मात्र धरून चालू नका. मोठं खाजगी रुग्णालय कार्ड घेत नसेल तर पहिले पाच लाख रोख तुमच्याच खिशातून जातील.

दिलासा म्हणावा अशा दोन गोष्टी: जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने कंपन्यांना बजावलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला. समूह पॉलिसीला, उदाहरणार्थ बँकांच्या निवृत्तांच्या पॉलिसीला, ही सवलत नाही, यावर निवृत्त बँकवाले अजून चिडलेले आहेत. मला त्यांचा राग पटतो.

"पण सत्तरीत नवी पॉलिसी देतंच कोण?"

पूर्वी ६५ नंतर नव्या ग्राहकाला दार बंद असलं तरी चालत असे. एप्रिल २०२४ पासून ती वयाची अट गेली, कंपन्यांना सगळ्या वयांसाठी पॉलिसी ठेवायला हवी. पण पॉलिसी असणं वेगळं आणि ती तुम्हाला मिळणं वेगळं. तपासणीत शुगर-बीपी-क्रिएटिनिन बघून कंपनी हप्ता वाढवू शकते, नकारही देऊ शकते.

समजा मिळाली. ७५ व्या वर्षी वर्षाला ८० हजार हप्ता, वीस टक्के को-पे, आणि जुन्या दुखण्यांना तीन वर्षं थांबा. म्हणजे तीन वर्षांत २ लाख ४० हजार भरून ज्या आजाराची भीती आहे त्यालाच संरक्षण नाही. इथे माझं मत स्पष्ट आहे: पंचाहत्तरीपुढे, दोन-तीन जुनी दुखणी आणि आजवर एकही पॉलिसी नाही, अशा माणसाने नव्या पॉलिसीमागे लागू नये. कार्ड घ्यावं, आणि तेच ८० हजार दर वर्षी वेगळ्या एफडीत टाकावेत. ती एफडी मोडून कुणाच्या लग्नाला द्यायची नाही, हे मात्र घरात सगळ्यांना बजावून सांगावं.

साठ ते सत्तरच्या मधल्यांचं गणित उलटं. त्यांना वय वंदना अजून लागू नाही, महात्मा फुले योजना आहे. प्रकृती बरी असेल तर नवी पॉलिसी घ्यायची ही शेवटची बरी वेळ. सदुसष्टीच्या आत घेतली तर तीन वर्षांचा थांबा सत्तरीच्या आत संपतो. मुलाच्या ऑफिसच्या विम्यात आईवडील आहेत म्हणून निर्धास्त राहणारे याच वयाचे असतात. नोकरी गेली की ते छत्र त्याच महिन्यात जातं.

कर भरत असाल तर जुन्या करपद्धतीत, ज्याला आपण ८०-डी म्हणतो त्याखाली, ज्येष्ठांच्या हप्त्यावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. पॉलिसीच नसेल तर ज्येष्ठांचा प्रत्यक्ष औषधपाण्याचा खर्चही त्या मर्यादेत चालतो, फक्त तो रोखीने करू नका.

आणि रोजच्या गोळ्या?

वय वंदनात नाहीत. बहुतेक खाजगी पॉलिसींतही नाहीत. दोन्हींचा भर हॉस्पिटलात भरती होण्यावर आहे. आईच्या औषधांची पट्टी, महिन्याची रक्तातली साखर, कानाचं यंत्र, हे आपलंच. पालिकेचा 'आपला दवाखाना' जवळ असेल तर तिथे तपासणी आणि साधी औषधं मोफत मिळतात. जनऔषधी केंद्रात जेनेरिक गोळ्या बऱ्याच स्वस्त पडतात, डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा.

बिल आवाक्याबाहेर गेलं तर धर्मादाय खाटा

मुंबईतली कित्येक मोठी खाजगी रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय ट्रस्टची आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत तर निम्म्या दरात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं. रुग्णालयात यासाठी समाजसेवा विभाग असतो. रिसेप्शनवर विचारू नका, थेट त्या खोलीत जा.

मग कसं ठरवायचं

एका संध्याकाळी घरापासून जवळची तीन रुग्णालयं कागदावर लिहा. मी आमची तीन फोनवर न विचारता स्वतः जाऊन विचारली. योजनेच्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो, योजनेचा खुलासा करणं हेच त्याचं काम. एका ठिकाणी त्याची खुर्ची रिकामी होती आणि खिडकीवर 'जेवणाची वेळ' अशी पाटी, साडेतीन वाजता. दुसऱ्या ठिकाणच्या मुलीने मात्र वहीच काढून दाखवली: हृदय आणि किडनी चालतं, गुडघे नाही. तिसऱ्या, खाजगी रुग्णालयात कार्ड चालत नाही, पण आईची जुनी छोटी पॉलिसी कॅशलेस चालते, म्हणजे आधी पैसे भरून नंतर मागायची कटकट नाही.

तेवढ्यावर आमचं ठरलं. छातीचं दुखणं असेल तर दुसरं रुग्णालय, कार्ड. मोतीबिंदू किंवा फ्रॅक्चर असेल तर तिसरं, पॉलिसी, आणि खोली शेअरिंगच. मामीचे ७२ हजार मी विसरलेलो नाही.

नकार आला तर काय, हेही आधीच माहीत असू द्या. अंगीकृत रुग्णालयाने कार्ड असूनही पैसे मागितले तर पावती घ्या आणि १४५५५ वर तक्रार करा. खाजगी कंपनीने कॅशलेसला एका तासात उत्तर द्यायचं असतं, आणि डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तासांच्या आत, हा २०२४ चा नियम आहे. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्याभरात समाधान झालं नाही तर सांताक्रूझला एस. व्ही. रोडवर विमा लोकपालाचं कार्यालय आहे. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. मामा गेले नाहीत. म्हणाले, चूक आपलीच, वाचलं नाही. तसं पाहिलं तर खरंच होतं.

आता आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद चिकटवलाय. कुठलं दुखणं, कुठलं रुग्णालय, कुठलं कार्ड, कुणाला फोन. बरोबर न्यायच्या वस्तूंची यादी मी आधार आणि पॉलिसीपासून सुरू केली होती. आईने ती खोडून वर स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: कवळी, चष्मा, मग बाकीचं.